बाबूकाकांचे दहा फूट

बाबूसिंग आडे यांचा धंदा म्हणजे बोअरमध्ये पडलेल्या मोटारी वर काढणं. न पडलेल्याही काढतात, दुरुस्त झाल्या की परत सोडतात, पण नाव आहे ते पडलेल्यांसाठी. रिसोडपासून शिरपूरपर्यंत कुठंही पाइप तुटून मोटार बोअरमध्ये गेली, की शेतकरी आधी स्वतःच्या साडूला बोलावतो. साडू लोखंडाचा गळ वाकवून आत सोडतो आणि मोटार आणखी खाली ढकलतो. मग बाबूकाकांना फोन येतो.

मी अपूर्वा. माझे वडील जवरीलालजी यांचं रिसोडला मोटार, पाइप आणि केबलचं दुकान आहे. मी इन्स्ट्रुमेंटेशनची डिग्री घेतली, पुण्यात एका कंपनीत तीन वर्षं मशीनं तपासली आणि परत आले. का परत आले ते विचारू नका. विचारलं की मला राग येतो, आणि विचारणारं गिऱ्हाईक असलं तर माझ्या रागाचा पप्पांना राग येतो. असे आम्ही दिवसातून दोनदा तरी चिडतो.

आमच्या दुकानाच्या पायरीवर बाबूकाकांची ठरलेली जागा आहे. तिथं दुसरं कुणी बसलेलं असलं तर ते काही बोलत नाहीत, नुसते समोर उभे राहतात. थोड्या वेळानं बसलेला माणूस आपणच उठतो. अंगानं किरकोळ, पण मनगटं अशी, की एखाद्या दांडग्या माणसाची काढून यांना बसवली असावीत. वय साठीच्या आसपास. नक्की किती ते त्यांच्या आधार कार्डावर एक आहे आणि मतदान कार्डावर दुसरं, आणि काकांना दोन्ही मान्य आहेत.

त्यांची काम करायची रीत अशी. बोअरवर तीन पायांची लोखंडी घोडी उभी करायची, तिच्यावर चाक, चाकावरून तार. तार खाली जाताना काका ती उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात धरतात आणि ओठांतल्या ओठांत आपल्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत फूट मोजतात. सहा फूट सोडतात, एक फूट मागं ओढतात. कुठं अडकत नाही ना ते पाहतात. परत सहा फूट. या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. एकदा मालेगावकडं मोटार सोडताना कुणी तरी पळत येऊन सांगितलं, की काका, तुमची गाडी बैलानं पाडली. काकांनी एकशे ऐंशी फूट पुरे केले, गाठ मारली, घाम पुसला आणि मग त्या माणसाला म्हणाले, "हां, काय म्हनत होता?"

मोजणी आणि हात, एवढंच त्यांचं भांडवल. आणि त्यातली मोजणी मागच्या वर्षी दोनदा चुकली.

एका गावात वीस फुटांचा एक पाइप मोजायचाच राहिला आणि मोटार पाण्याच्या वर लटकत राहिली. दुसऱ्या गावात उलट, एक पाइप जास्त गेला आणि मोटार गाळात बसली. लोकांना तेवढं पुरलं. बाबूसिंगचं वय झालं, बाबूसिंगले आता इसर पडते, असं चहाच्या टपरीवर बोलणं सुरू झालं. ज्यांच्या मोटारी या माणसानं वीस-वीस वर्षं काढल्या तेच बोलायचे. मला आजही त्या टपरीवरचा चहा जात नाही.

मग एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, काका आत आले. पायरीवर न बसता आत आले म्हणजे काही तरी होतं.

"बेटा, मले मोजनी चुकून राह्यली."

"कुणाची चुकत नाही काका?"

"माही नाई चुकत." मग स्वतःच म्हणाले, "नव्हती चुकत."

पप्पा मागच्या खोलीत होते. काकांनी तिकडं पाहून आवाज उतरवला. "तू पुन्यात यंत्रावर होती ना? असं काही यंतर हाये काय, जे माह्यासंगं मोजन? मी बी मोजतो, थे बी मोजन. दोघाचं जमलं का झालं. पन कोन्ले सांगू नको मी मांगतलं म्हून."

मला फार वाईट वाटलं. मी लगेच हो म्हणून टाकलं, कसं करायचं ते माहीत नसताना.

माझ्याजवळ एक डबा होता. पुण्याच्या कंपनीनं काढून टाकलेला, मी सांगून आणलेला डेटा अ‍ॅक्विझिशन बोर्ड. हा बोर्ड बाहेरच्या तारांवर जे काही चाललेलं असतं ते लॅपटॉपला सांगतो, बाकी स्वतःचं मत काही देत नाही. रिसोडच्या लेथवाल्याकडून मी एक चाक कातून घेतलं, घेर बरोबर दोन फूट. लेथवाल्यानं तीनदा विचारलं, कशाला पाहिजे. तीनदा मी सांगितलं, पाहिजे. ते घोडीवर जुन्या चाकाच्या जागी लावलं आणि त्याच्या आसावर एन्कोडर बसवला. एन्कोडर म्हणजे आत एक चकती, तिला बारीक फटी, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला डोळा. चाक फिरलं की डोळ्याला दिवा दिसतो, लपतो, दिसतो, लपतो. एका फेऱ्यात सहाशे वेळा. दर वेळी तारेतून एक ठोका येतो. ठोके मोजले की बोअरमध्ये तार किती गेली ते कळतं. सोपं काम आहे, असं मी काकांना सांगितलं होतं.

पहिल्यांदा मी ठोक्यांची तार बोर्डाच्या साध्या इनपुटला जोडली आणि मोजायचं काम लॅपटॉपवर सोपवलं. आमच्या घरामागच्या बोअरमध्ये वजन बांधून शंभर फूट तार सोडली. लॅपटॉप म्हणाला, अडतीस. कारण लॅपटॉप सतत बघत नाही. तो मधूनमधून डोकावतो, मध्येच चित्र काढतो, मध्येच अपडेट आलं का ते बघतो. तेवढ्यात पाच-पन्नास ठोके निघून गेलेले असतात. नाक्यावर बसवलेला माणूस चहाला गेला आणि परत येऊन म्हणाला, आज गाड्या कमी होत्या, तसलं हे.

म्हणून बोर्डात काउंटर नावाचा भाग वेगळाच बसवलेला असतो. त्याला दुसरं कामच नाही. ठोका आला की एक वाढवायचा. लॅपटॉप अडकला, झोपला, काहीही झालं तरी हा मोजत असतो आणि विचारलं की आकडा सांगतो. दुसऱ्या वेळी मी ठोक्यांची तार काउंटरला जोडली. परत शंभर फूट. काउंटर म्हणाला, एकशे चाळीस.

मी काकांकडं पाहिलं. काका सहा फूट सोडून एक फूट मागं ओढत होते, तीस वर्षांच्या सवयीनं. काउंटरला ठोका तेवढा कळतो. चाक पुढं फिरलं की मागं, हे एका तारेवरून कळायची सोय नाही. तो बिचारा मागं ओढलेला फूटही वाढवतच होता.

त्यासाठी एन्कोडरला दोन डोळे असतात, एकमेकांपासून किंचित पुढंमागं, आणि दोन तारा. काकांना मी असं समजावलं: गोठ्याच्या दारात दोन माणसं बसवा, एक आतल्या बाजूला, एक पाऊलभर बाहेर. आतल्याला शेळी आधी दिसली तर ती बाहेर चालली, एक कमी करा. बाहेरच्याला आधी दिसली तर आत आली, एक वाढवा. शेळी दारातच उभी राहून मान पुढंमागं करत राहिली, तरी एक वाढतो, एक कमी होतो, हिशोब जागेवर राहतो.

काका जरा वेळ विचार करून म्हणाले, "मंग दोघंबी जागी पायजेत."

"जागीच असतात काका."

"पगार काय देते त्यायले?"

दोन्ही तारा काउंटरला जोडल्या, दोन्हींची प्रत्येक उघडझाप मोजायला लावली. आता एका फेऱ्याचे चोवीसशे, म्हणजे एका फुटाचे बाराशे. शंभर फुटांना काउंटर शंभर म्हणाला. काकाही शंभर म्हणाले. मला तेव्हा नाचावंसं वाटलं, पण पप्पा खिडकीतून बघत होते.

त्याच आनंदात मी वजन बोअरच्या तोंडाच्या बोटभर वर ओढलं आणि स्क्रीनवर पस्तीस लाख एकोणऐंशी हजार फूट आले. काउंटरला शून्याच्या खाली जाता येत नाही. तो गेला की वळसा घालून सर्वांत मोठ्या आकड्यावर जाऊन बसतो. प्रोग्राममध्ये दोन ओळींचं काम होतं, केलं. पण काकांनी तो आकडा माझ्याकडून वाचून घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "येवढ्या खोल आपल्याकडं पानी लागत नाई."

पुढचे दोन महिने चांगले गेले. आम्ही दोघं त्यांच्या गाडीवरून जायचो, मागं मी, मांडीवर डबा. बोअरमध्ये सोडायचा कॅमेराही मी घेतला, म्हणजे पाइप कुठं तुटला ते दिसावं. काका ओठांत मोजायचे, काउंटर डब्यात मोजायचा. शेवटी काका आपला आकडा आधी सांगायचे, मग मी स्क्रीनवरचा. फरक कधी अर्ध्या फुटाच्या वर गेला नाही. काका परत पायरीवर बसायला लागले. कुणी जागेवर असलं तर समोर उभे राहायला लागले. टपरीवरची मंडळी आता म्हणत होती, बाबूसिंगनं काम्पुटर घेतला. ज्या माणसाला दुसरा आकडा फक्त मनाच्या समाधानासाठी पाहिजे होता, त्याचं कौतुक त्या दुसऱ्या आकड्यासाठी चाललं होतं. पण काकांना त्याचं बरं वाटत होतं, म्हणून मी गप्प बसले.

मग कस्तुराबाईंचं काम आलं.

कस्तुराबाईंचं शेत शिरपूरच्या अलीकडं. हळद, हरभरा, एक जुनी विहीर आणि एक बोअर. बोअरमधली मोटार पाइपासकट खाली गेली होती. मुलगा पवन घ्यायला आला तेव्हा पप्पांना म्हणाला, "त्या आकड्यावाल्या मॅडमले पाठवा." बाबूकाका तिथंच उभे होते.

पडलेली मोटार काढण्याचं काम दोन दिवसांचं असतं. पहिल्या दिवशी कॅमेरा सोडून तुटलेल्या पाइपाचं टोक किती फुटांवर आहे ते बघायचं. दुसऱ्या दिवशी त्या मापाचा गळ तयार करून आणायचा, बरोबर तेवढ्या फुटांवर नेऊन थांबवायचा आणि हलक्या हातानं पाइपात अडकवायचा. गळ जास्त खाली गेला तर पाइप आणि बोअरची भिंत यांच्या सापटीत घुसतो. मग मोटारही जाते आणि बोअरही.

पहिल्या दिवशी आम्ही घोडी लावली. मी कॅमेरा बोअरच्या तोंडाशी नेमका धरला आणि शून्याचं बटण दाबलं. एवढ्यात कस्तुराबाई ताट घेऊन आल्या.

"थांबा जी. पूजा व्हायची हाये अजून."

त्यांच्याकडं विहिरीत नवं काहीही उतरवायचं झालं की घरच्या बाईनं आधी चाकाची पूजा करायची रीत आहे. चाकाला हळदकुंकू लावायचं, दोर बाजूला काढायचा आणि रिकामं चाक पाच वेळा फिरवायचं. दर फेऱ्याला एका देवाचं नाव. पूर्वीच्या लाकडी गडगडीवर ही रीत शेकडो वर्षं चालली असेल. रिकामी गडगडी फिरवल्यानं कुणाचं काय बिघडणार?

काकांनी अदबीनं तार चाकावरून उतरवून हातात धरली. कस्तुराबाईंनी चाकाला कुंकू लावलं, पाच फेरे दिले, दर फेऱ्याला कुंकवाचं बोट वर आलं की थांबून हात जोडले. मी काय करत होते? मी काडेपेटी शोधत होते, कारण उदबत्ती पेटत नव्हती. मग खोबऱ्याचा तुकडा खाल्ला. मग काकांनी तार परत चाकावर चढवली आणि आम्ही कॅमेरा सोडला.

पाइपाचं टोक स्क्रीनवर स्वच्छ दिसलं. काका म्हणाले, "दोनशे दहा."

मी आकडा वाचला. "दोनशे वीस."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "परत पाय बेटा."

मी परत पाहिलं. दोनशे वीस, वर एक दशांश. पवननंही वाकून पाहिलं आणि आईला म्हणाला, "दहा फुटाचा फरक पडला वो." मग हसून काकांना म्हणाला, "चालते काका. आता हाये ना यंतर." तो काही वाईट मुलगा नाही. पण मला त्या वेळी त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी, खरं सांगते, माझा विश्वासही आकड्यावरच होता. कॅमेरा वर काढताना काकांनी ओठ हलवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गळ घेऊन गेलो. मी गळ तोंडाशी धरून शून्य केलं. पूजा कालच झाली होती, आज करायचं काही नव्हतं. काकांनी तार सोडायला सुरुवात केली. स्क्रीनवर दोनशे दहा आले आणि त्यांचा हात थांबला.

"टेकलं."

"दोनशे दहाच झाले काका," मी म्हणाले.

"टेकलं ना पन."

"काका, काल दोनशे वीसवर दिसलं ना," पवन म्हणाला. "अजून दहा फूट हाये."

काका डोळे मिटून उभे राहिले. अंगठा आणि बोट तारेवर. मी त्यांचा चेहरा बघत होते. मला वाटलं होतं ते ऐकणार नाहीत, घोडी आवरतील, चिडतील, काही तरी करतील. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहून विचारलं, "सोडू?"

मी म्हणाले, "सोडा."

त्यांनी दहा फूट सोडले.

पुढचं लांबवत नाही. गळ सापटीत गेला. ओढला तर येईना, म्हणून चेन लावून ओढला, तेव्हा खाली काही तरी तुटलं आणि पाइप, मोटार, गळ सगळं तळाला जाऊन बसलं. तळ तीनशेच्या खाली. बोअर संपला. विहिरीला पाणी होतं म्हणून हळद वाचली, आणि कस्तुराबाई आम्हाला जेवू घातल्याशिवाय सोडायला तयार नव्हत्या. जेवताना काका कस्तुराबाईंना म्हणाले, "माहा हात आखडला माय. मधातच थांबलो मी. तार ढिली पडली अन् गळ आडवा झाला. तुह्या बोअरचं पाप माह्यावर हाये." आणि त्यांचा त्यावर पुरता विश्वास होता. पवननं मान डोलावली. मलाही ते पटत होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी डब्याची नोंद उघडली. काउंटरचा आकडा दर क्षणाला लॅपटॉपवर साठवायची मला पुण्यातली सवय आहे. पहिल्या दिवसाची रेघ काढली. सुरुवातीला शून्य. मग रेघ एकदम वर चढते, थांबते. परत चढते, थांबते. अशा पाच पायऱ्या, प्रत्येक चोवीसशेच्या आसपास. शेवटी आकडा बारा हजार अकरा. आणि त्या सगळ्या वेळात कॅमेऱ्याच्या चित्रात बोअरचं तोंड जसंच्या तसं आहे. कॅमेरा बोटभरही हलला नव्हता.

बारा हजार म्हणजे दहा फूट.

एन्कोडरला चाक कळतं. चाकावर तार आहे की नाही, हे त्याला कळत नाही. कळावं अशी त्याची रचनाच नाही. कस्तुराबाईंनी पाच देवांची नावं घेतली आणि माझ्या काउंटरनं ती इमानदारीनं मोजली. पहिल्या दिवशी सगळे आकडे दहा फूट जास्त होते. दुसऱ्या दिवशी पूजा नव्हती, म्हणून आकडा खरा होता. पाइपाचं टोक दोनशे दहावरच होतं. काका पहिल्या दिवशी बरोबर होते आणि दुसऱ्या दिवशीही बरोबर होते. शून्याचं बटण पूजेनंतर परत एकदा दाबायचं, एवढंच माझं काम होतं आणि मी खोबरं खात होते.

आता तुम्ही म्हणाल, लगेच उठून काकांच्या तांड्यावर गेली असशील. नाही गेले.

दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात तिघं जण आले, त्यांना तसाच आकडेवाला डबा पाहिजे होता. पप्पा त्यांना खुशीत सांगत होते, आमच्या पोरीनं बनवलाय. मी परत आले ते का, हे त्या दिवशी पहिल्यांदा कुणी विचारलं नाही. मग वाटलं, बोअर तर गेलाच, आता सांगून तो काही भरून येणार नाही. मग वाटलं, काका आले की पायरीवर बसवून नीट सांगू. काका आले नाहीत. त्यांची जागा रिकामी राहिली आणि सवयीनं तिथं कुणी बसलंही नाही. मी घाबरले होते, बाकी काही नाही. माझी लाज वाचावी म्हणून मी गप्प होते, आणि रोज सकाळी शटर उघडताना मला स्वतःची किळस यायची.

मग लखमाकाकू दुकानात आल्या. काकांच्या बायको. या बाई मी जन्मात दुकानात पाहिल्या नव्हत्या.

"अपूर्वा, डोक्याचा फोटो कुठी काढते वो? वाशिमले का अकोल्याले?"

"कुणाच्या डोक्याचा?"

"याहीच्या." त्या पदर बोटाला गुंडाळत होत्या. "म्हनते, तठी काहीच नव्हतं अन् मले टेकलं. हातात नसलेली वस्तू हाताले लागते, मंग डोकंच गेलं म्हनते. घोडी इकून टाकतो म्हनते, पन आधी डोकं दाखोतो."

मी लॅपटॉप पिशवीत घातला. पप्पांना म्हणाले, दुकान बघा. पप्पा म्हणाले, कुठं? मी म्हणाले, माती खाल्ली आहे, ती सांगायला. लखमाकाकूंना स्कूटीवर मागं बसवलं आणि तांड्यावर गेले.

काका बाजेवर बसले होते. दाढी वाढलेली. मी त्यांच्या शेजारी बसून लॅपटॉप उघडला, रेघ दाखवली. सगळं सांगितलं; शून्य कधी केलं, कॅमेरा कसा जागेवर होता, आकडा कसा चढला.

"ह्या पाच पायऱ्या कायच्या?" काकांनी विचारलं.

"कस्तुराबाई," मी म्हणाले.

त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी हवेत चाक धरून हळूहळू पाच वेळा फिरवलं आणि हात खाली ठेवला.

"म्हंजे दोनशे दहाच होते."

"दोनशे दहाच होते काका."

"अन् दुसऱ्या दिशी मले टेकलं ते?"

"टेकलंच होतं. तुमचं काहीच चुकलं नाही. माझं चुकलं. मी शून्य करायला विसरले, आणि मीच सोडा म्हणाले. कस्तुराबाईंना मी स्वतः जाऊन सांगणार आहे, पवनसमोर."

"लखमा!" काका ओरडले. त्या दोन हातांच्या अंतरावरच उभ्या होत्या. "आयकलं काय? टेकलंच होतं! म्या म्हनलं होतं ना, टेकलं म्हून!" ते हसायला लागले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासत ते हसत राहिले. मीही रडत होते. मला वाटलं, झालं, सुटलो सगळे.

मग त्यांनी रेघेकडं परत पाहिलं.

"हे तुले कवा दिसलं बेटा?"

मला खोटं बोलता आलं असतं. "त्याच दिवशी. संध्याकाळी."

"त्याले किती दिस झाले?"

"एकवीस."

काकांचं हसू गेलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी लखमाकाकूंकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"एकवीस दिस," ते म्हणाले, "मी रोज पान्याची बालटी उचलतो अन् हिले इचारतो, हातात हाये ना म्हून."

लखमाकाकूंनी मान डोलावली, आणि मला पाणी आणायला आत गेल्या.